गमदोलची बंडी

ह्वांगहे मुलखात, खाडीच्या काठाला, सोल्गोक नावाचं गाव होतं, आणि गावाच्या टोकाला एक गवती छपराचं घर. घरात आई होती माक्दोक, तिची विधवा लेक होती सोबी, सोबीची मुलगी होती बोबे. आणि मुलगा होता गमदोल. होता म्हणजे दोन ठिकाणी होता. एक होता चीनच्या बादशहाच्या राजवाड्यात आणि एक याच घरात, मागच्या रांजणांच्या ओट्यावर. हे कसं, तेच सांगते. मध्येच 'खरं का' म्हणून विचारायचं नाही.

गमदोल म्हणजे काळा दगड. मूल जगावं, कुणाची नजर पडू नये, म्हणून आमच्याकडे नाव असं ओबडधोबड ठेवतात. नजर नाही पडली, पण कुत्रा चावला. पोर रांगत होतं तेव्हा कुत्र्याने नको तिथे तोंड घातलं. जखम भरली, पोर वाचलं, पण पुरुष होण्यापुरतं राहिलं नाही. आईला वाटलं, जगला हेच पुष्कळ.

पण चीनच्या बादशहाला आपल्या जनान्यात राबायला तसलीच माणसं लागत. खोजे. तो आमच्या राजाकडे घोडे मागायचा, ससाणे मागायचा, तसेच खोजेही मागायचा. राजा सुभेदाराला सांगायचा, सुभेदार मामलेदाराला, आणि मामलेदार दारोदार फिरून विचारायचा, "कुत्रा चावलेलं पोर कुणाकडे आहे?" गावातल्या कुणीतरी बोट दाखवलं. कुणी दाखवलं ते माक्दोकला माहीत होतं. मरेपर्यंत तिने त्या घरचं पाणी घेतलं नाही.

पोराला तट्टावर बसवून नेलं. तो रडत मागे बघत होता. आई वळणापर्यंत धावली, शिपायांनी तिला बांधावरून खाली ढकललं. ती उठली, घरी आली, पोराची तागाची बंडी उचलली आणि शिडी लावून छपरावर चढली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं अंगातलं कापड घेऊन कुणीतरी छपरावर चढतं, उत्तरेकडे तोंड करतं आणि नाव घेऊन तीनदा हाक मारतं, परत ये. जीव फार लांब गेला नसला तर ऐकतो, वळतो, त्या कापडात येऊन बसतो. मग ते कापड खाली आणून प्रेताच्या अंगावर घालायचं. उठला तर उठला. नाही उठला तर मग रडायचं. पण हे सगळं मेलेल्यासाठी. जिवंत माणसाला अशी हाक कुणी मारत नाही.

"उतर गं बाई!" खाली बायका ओरडायला लागल्या. "पोर जिवंत आहे तुझं! काय अभद्र करतेस?"

"देह न्या म्हणावं!" माक्दोक वरून ओरडली. तिचा आवाज पार खाजणापर्यंत गेला. "देह काय, कुत्र्याने अर्धा नेलाच होता, उरलेला बादशहाने न्यावा. जीव माझा आहे. तो नाही देणार मी!"

आणि तिने बंडी हलवून तीन हाका मारल्या.

तट्टाबरोबर गेलेली माणसं नंतर सांगत होती. खिंडीत पोचेपर्यंत पोर रडत होतं. मग एकदम मान वळवून त्याने मागे पाहिलं आणि गप्प झालं. पुढे पडलं, खरचटलं, उपाशी राहिलं, पण रडलं नाही.

त्याच संध्याकाळी मागच्या ओट्यावर, रांजणांच्या मधून, कुणीतरी अनवाणी पळाल्याचा आवाज आला.

माक्दोकने बंडी खाली आणली. ती अंगावर घालायला अंगच नव्हतं. तिने ती लाकडी पेटीत घडी करून ठेवली आणि पेटी आपल्या उशाशी ओढली. तेव्हापासून रोज संध्याकाळी राळ्याच्या भाताचा एक वाडगा ओट्याकडच्या दारात जायचा, मेलेल्यांना वाढतात तसा, चमचा भातात उभा खोचून. भात संपायचा नाही. पण त्याची वाफ ठेवल्या ठेवल्या जायची. हात काढेपर्यंत भात गारढोण.

सोबी तेव्हा लहान होती, गमदोलहून धाकटी. ती वाढली, लग्न होऊन गेली, नवरा समुद्रात बुडाला म्हणून पोरीला घेऊन परत आली. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं. ओट्यावरची पावलं मात्र तेवढीच राहिली. लहान, घाईची. सोबी त्याला दादा म्हणायची. तिची बोबे त्याला छोटा मामा म्हणायची आणि त्याच्याशी गोट्या खेळायची. समोरून गोट्या परत यायच्या.

"आई, जाऊ दे आता त्याला," सोबी कधीतरी म्हणायची.

"कुठे?"

"जिथे त्याचं बाकीचं आहे तिथे."

"तिथे काय आहे? सोललेलं सालटं," आई म्हणायची. "तू तुझं काम बघ."

असं चाललं होतं. मग बोबेचं लग्न ठरलं, पलीकडच्या मिठागरवाल्यांच्या मुलाशी. त्याच शरदात एका दुपारी सोबी टोपली घेऊन खाजणात शिंपल्या वेचायला गेली होती. भरपूर मिळाल्या होत्या. गुडघाभर चिखलातून ती घरी आली तर दारात मामलेदाराचं घोडं, त्याचा वाडा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला असूनही.

मामलेदार अंगणात वाकून उभा होता. माक्दोकपुढे. वाकून!

"आईसाहेब, नशीब उघडलं तुमचं!"

"परवापर्यंत 'ए म्हातारे' होते," माक्दोक म्हणाली. "आजच बरी आईसाहेब झाले?"

"चेष्टा नका करू. वकीलसाहेब येतायत! बादशहाचे वकील, खास दूत. आपला राजा शहराबाहेर जाऊन त्यांच्यापुढे गुडघे टेकून आला. आणि ते तुमचे चिरंजीव आहेत, तुमचे गमदोल! वडिलांच्या थडग्याला नमस्कार करायला येतायत."

"माझा गमदोल मागे खेळतोय."

मामलेदार हसला. मग मागच्या बाजूने काहीतरी ऐकू आलं असावं, कारण त्याचं हसू तोंडावरच राहिलं आणि नजर दुसरीकडे गेली.

"ते कशाला येतायत, ते सांगा की," सोबी म्हणाली. तिला कुणकुण लागलेली होती.

"बादशहाला जनान्यासाठी मुली हव्यात. निवड होईपर्यंत मुलखात एकही लग्न लावायचं नाही, हुकूम आहे. तुमच्या बोबेचं नाव मी सगळ्यात वर घातलंय. मामाचीच भाची! वकीलसाहेब खूश होतील."

सोबीच्या हातातली टोपली तशीच राहिली. "तुमची मुलगी बोबेच्याच वयाची ना, साहेब? तिचं नाव कितवं?"

"तिचं... तिला खोकला आहे."

"कधीपासून?"

"झाले की दोन दिवस."

"हुकूम कधी आला?"

सोबीने चिखलाच्या शिंपल्यांनी भरलेली टोपली मामलेदाराच्या पायावर उलटी केली. रेशमी जोडे होते त्याचे. तो हललासुद्धा नाही, वकिलाची बहीण ना ती. चिखलात उभा राहून तो हसत राहिला. त्या हसण्याचा सोबीला जितका राग आला तितका शिवीचाही आला नसता.

वकील आला त्या दुपारी खाडीवरून धुकं चढलं होतं. आधी पालखीच्या दांड्यांची करकर ऐकू आली, मग भोई दिसले. गावातलं एकही कुत्रं भुंकलं नाही. घरात आई पेटीवर बसून होती. तिने उठायचं नाकारलं.

तो वाकून दारातून आत आला. मोठं थोरलं शरीर, अंगावर सोनेरी नागाचा अंगरखा, चेहऱ्यावर एक केस नाही. त्याने शिपायांना बाहेर जायला सांगितलं. मग चुलीच्या बाजूला, जिथे चुलीचा धूर जमिनीखालून फिरतो आणि जमीन सगळ्यात तापलेली असते, तिथे बसला आणि बारीक आवाजात म्हणाला, "अजून लाकडं घाला. थंडी वाजतेय."

सोबीने लाकडं घातली. खालून जमीन अशी तापली की बोबेने पाय उचलून घेतले. चटई करपल्याचा वास यायला लागला. अंगरख्याची कड पिवळी, मग तांबूस झाली. त्याला कळलं नाही. तो हात चोळत होता.

"सोबी ना तू?"

"हो." दादा म्हणायला जीभ वळेना. पुढे म्हणाली, "बोबेचं नाव काढून टाका. तुमची भाची आहे."

"का?"

"का म्हणजे?"

"का काढू, ते सांग," तो म्हणाला. त्यात कुठे टोचणं नव्हतं. लहान मूल विचारतं तसं तो खरंच विचारत होता. "सगळे हेच म्हणतात. पाय धरतात. मला त्यांची तोंडं हललेली दिसतात, पण रडणं ऐकू येत नाही. लहानपणी एकदा खिंडीत काहीतरी तुटलं, तेव्हापासून चव नाही, झोप नाही, दुखणं नाही. वाड्यात इतर पोरं मार खाऊन मेली, मी मार खाऊन जेवायला बसलो. म्हणून वर चढलो. बाकीच्या खोज्यांना मुली नेताना आपली बहीण आठवते, हात कापतो. माझा कापत नाही. म्हणून बादशहा प्रत्येक वेळी मलाच पाठवतो."

सोबीने आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती.

"ऐकलंस का आई?" सोबी म्हणाली. "ऐकलंस तू काय केलंस ते?"

"मी माझं पोर वाचवलं."

"आणि लोकांच्या पोरी?"

"त्या मी नेल्या का? बादशहाने नेल्या, राजाने दिल्या, त्या चिखल्या जोड्याच्या मामलेदाराने मोजल्या. आणि पाप माझ्या छपरावर?" म्हातारीचा आवाज चिरकला. तिने वकिलाकडे बोट केलं. "आणि हा माझा नव्हे. तू कोण रे? ऊठ माझ्या जमिनीवरून!"

तेवढ्यात मागच्या ओट्यावर पावलं वाजली. रोजच्यासारखी नाहीत. एका रांजणामागून दुसऱ्यामागे, लपत, थांबत.

वकिलाने मान वळवली. इतका वेळ त्या तोंडावर काही नव्हतं. आता ओठ हलले.

"ते... कोण आहे?"

बोबे उठून ओट्याकडच्या दाराशी गेली.

"मला ऐकू येतंय..." तो कुजबुजला. "सोबी, मला काहीतरी ऐकू येतंय..."

"छोटा मामा भ्यालाय," बोबे दाराशी उभी राहून हळूच म्हणाली. तिचा एक हात खाली सोडलेला होता, मूठ अर्धी मिटलेली, जशी कुणाचंतरी बोट धरून. "तो म्हणतो, हा मोठा माणूस आतून रिकामा आहे. तो म्हणतो, तिथे फार अंधार आहे..."

सोबीला तेव्हा उमगलं. विधी अर्धाच झाला होता. जीव बोलावून कापडात घेतला, कापड अंगावर घातलंच नाही. एवढी वर्षं पेटीत.

"आई, ऊठ पेटीवरून."

"नाही."

"बाहेर पालखी उभी आहे. ती बोबेला घेऊन जाईल."

"जाऊ दे! सगळ्यांच्या जातात!" आई किंचाळली आणि स्वतःच्याच शब्दाला घाबरून तोंडावर हात घेतला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तो गेला तर मला काय उरलं, सोबे?"

"मी उरले!" सोबीला आपला आवाज ओळखू येईना. "मी आहे, बोबे आहे! जिवंत माणसं! रोज संध्याकाळी पहिला गरम वाडगा ओट्याला जातो, आम्ही खरवड खातो. कधी विचारलंस? नवरा बुडाला तेव्हा मी रडत आले, तू म्हणालीस, हळू, गमदोल दचकेल! माझी पोर नेतील तेव्हापण म्हणशील, हळू?"

तिने आईच्या दंडाला धरून तिला ओढलं. जन्मात पहिल्यांदा. म्हातारी वजनाला काहीच नव्हती. पेटी उघडली. बंडी तशीच होती, तागाला उन्हाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास, काल वाळत घातल्यासारखा. सोबीने ती झटकली आणि वकिलाच्या खांद्यावर टाकली. त्या रुंद पाठीवर ती रुमालाएवढी दिसत होती.

क्षणभर काही नाही.

मग ओट्यावरून पावलं निघाली. दार, उंबरा, चटई. तापलेल्या जमिनीवर ओले छोटे ठसे उमटत आले आणि उमटता उमटता वाळत गेले. वकिलाच्या मांडीपाशी शेवटचा ठसा उमटला. तो बराच वेळ वाळला नाही. बोबेने आपला हात पाहिला आणि रडायला लागली. मूठ उघडली होती.

"भाजलं!" वकील ओरडून उभा राहिला. अंगरख्याची कड धुमसत होती, मांडीवर फोड आले होते. त्याने कड विझवली. मग दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले.

"बंद करा... किती जणी आहेत... अगं, किती जणी आहेत... एकदम नका ओरडू..."

घरात कुणीच ओरडत नव्हतं. तो भिंतीशी खाली बसला. एवढ्या वर्षांचं रडणं एकदम ऐकत होता. आणि मग त्या मोठ्या शरीरातून, खिंडीत तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झाल्यासारखा, एका लहान पोराचा आवाज आला.

"आई."

तो आवाज माक्दोकने रोज ओट्यावर ऐकला होता. तिचा हात पुढे झाला. मग तिने तो चेहरा पाहिला, घरोघरी जाऊन मुली उचलणारा. हात अर्ध्यावर थांबला, आणि तिथेच राहिला.

धुकं उतरता उतरता वकील उठला. बाहेर जाऊन मामलेदाराला म्हणाला, बोबेचं नाव काढा, लग्न लावू द्या. मामलेदाराने विचारलं, मग तिच्या जागी? वकिलाने कुणालातरी विचारलं, या गावात अजून वयाची कोण आहे? शिपायांना माहीत होतं. मामलेदाराच्या मुलीचा खोकला त्याच संध्याकाळी बरा ठरला. ती पोर काही वाईट नव्हती. सोबीला तिचं रडणं गल्लीच्या पार त्या टोकावरून ऐकू आलं, आणि वकिलाच्या पालखीचा पडदा थरथरताना दिसला.

सोबीने पालखीचा दांडा धरला.

"दादा, आता तुला ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"तरी नेशील?"

"मोकळ्या हाताने गेलो तर मुंडकं जाईल, सोबे," तो म्हणाला. "इतके दिवस माहीत नव्हतं. आता मला भीतीपण वाटते गं."

सोबीने दांडा सोडला. ती थुंकली. कुणावर, ते तिला सांगता आलं नसतं.

गोष्ट गावात दडून राहते थोडीच? माक्दोकने काय केलं होतं ते गल्लोगल्ली गेलं, पण जेवढं हवं तेवढंच गेलं. मुलींच्या डोल्या उत्तरेच्या वाटेला लागल्या त्या सकाळी सोल्गोकपासून खिंडीपर्यंत प्रत्येक गावात बायका छपरांवर चढल्या. हातात मुलींच्या चोळ्या, बंड्या. परत ये, परत ये. सगळा डोंगर त्या हाकांनी भरला.

सोबी चपला न घालता रस्त्याने धावली. "नका! नका गं बोलावू! त्यांचा जीव त्यांच्याजवळ राहू द्या! रडू द्या त्यांना!"

"तुझी वाचली ना?" एकीने वरून कौल फेकून मारलं. "जा, लग्न लाव तिचं!"

डोल्यांतलं रडणं एकेक करून थांबत गेलं. खिंडीपाशी पोचल्या तेव्हा त्यांतून काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त सगळ्यात पुढच्या पालखीतून एक लहान पोर रडत होतं.

मग सुखाचे दिवस आले. वकिलाचं मूळ ठिकाण म्हणून राजाने शेजारी नवं कौलारू घर बांधून दिलं, खाडीकाठची शेतं लिहून दिली, वेठ माफ केली. माक्दोक त्या घरात आली नाही. ती जुन्या छपराखालीच राहिली, सोबीने नेलेला गरम भात मुकाट्याने खायची, आणि एका थंडीत गेली. तिच्यासाठी छपरावर चढून सोबीने हाक मारली नाही. बोबेचं लग्न मिठागरवाल्यांकडेच झालं. मुलं झाली, सगळी जगली.

वकील बादशहापर्यंत पोचला की नाही, याची नक्की खबर कुणालाच नाही. दुभाषे एक सांगायचे, व्यापारी दुसरं. पण दर वर्षी बर्फ वितळलं की उत्तरेकडून भेट यायची. बोबेच्या मुलांसाठी भरतकामाचे जोडे, प्रत्येकाच्या पायाला नेमके. माप कधी कुणी कळवलं नव्हतं.

चार मुलं होती तेव्हा एका वसंतात गाठोडं आलं. बोबेने ते सोबीसमोर उघडलं. चार जोड कोरे करकरीत निघाले. मग तळाशी पाचवा. मुलीचा, अगदी लहान.

बोबेचा हात पोटावर गेला. तिने अजून नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"अगं, मग आनंदाची गोष्ट आहे," सोबी म्हणाली आणि तो जोड तिने हातात घेऊन उलटा केला. तळवे झिजून पातळ झाले होते, कुणीतरी तो घालून उत्तरेहून घरापर्यंत चालत आल्यासारखे. शिवणीत वाटेचा चिखल होता, आणि तो अजून ओला होता.